टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त का नाही झाला? रोजच्या पैशातल्या टक्क्यांचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्याआधी दोन-अडीच आठवडे सगळ्या चॅनेलवर एकच चाललेलं, २८ चा जीएसटी १८ झाला, दहा टक्के कमी. माझ्या साताऱ्याच्या मावशीने हे ऐकून टीव्हीची खरेदी दसऱ्यापर्यंत लांबवली. ४३ इंची टीव्ही तिने गणपतीतच बघून ठेवलेला, किंमत ३८,४०० रुपये, टॅक्स धरून. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला, ३८,४०० चे दहा टक्के ३,८४०, वजा केले की राहिले ३४,५६०. दुकानात गेली तर तो म्हणाला ३५,४००. मावशी तिथून उठूनच आली आणि मला फोन, "अरे, ८४० रुपये खाल्ले बघ त्याने, सरकारने कमी केले आणि हा मधल्या मधे खातोय."

मी अकाउंट्सचं काम करतो त्यामुळे घरातल्या असल्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. आणि गंमत म्हणजे दुकानदाराने एक पैसाही खाल्ला नव्हता. पण मावशीचा हिशोबही वेडगळ नव्हता, बहुतेक लोक तसाच करतात. म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

टक्का म्हणजे काय, आणि कशाचा

टक्का म्हणजे शंभरातले किती, बस. शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो, 'दर साल दर शेकडा', म्हणजे वर्षाला प्रत्येक शंभर रुपयांवर किती. जुनी माणसं अजून 'शेकडा पाच' म्हणतात आणि मला तो शब्द जास्त आवडतो, कारण त्यात शेकडा कानाला ऐकू येतो. 'पाच टक्के' म्हटलं की तो शेकडा गायब होतो आणि सगळा घोळ तिथून चालू होतो. (टक्केवारी हा शब्द आपल्याकडे कंत्राटदार आणि नेते वेगळ्या अर्थाने वापरतात, तो विषय आज नको.)

टक्का एकटा कधीच नसतो, तो कशाचा तरी असतो. त्या 'कशाचा'ला आपण या लेखापुरतं 'पाया' म्हणू. पाया बदलला की तोच टक्का वेगळे पैसे दाखवतो.

आता मावशीचा टीव्ही घ्या. टॅक्स सोडून टीव्हीची मूळ किंमत होती ३०,०००. त्यावर २८ टक्के म्हणजे ८,४००, एकूण ३८,४००. नवीन दराने त्याच ३०,००० वर १८ टक्के म्हणजे ५,४००, एकूण ३५,४००. फरक ३,००० रुपये. हे ३,००० म्हणजे मूळ ३०,००० चे बरोब्बर दहा टक्के, म्हणजे बातमीवाले खोटं बोलत नव्हते. पण मावशीने दहा टक्के काढले ते ३८,४०० वर, म्हणजे आधीच टॅक्स चढलेल्या किमतीवर. त्या किमतीच्या हिशोबाने ३,००० म्हणजे जेमतेम ७.८ टक्के होतात. तिचे हरवलेले ८४० रुपये म्हणजे टॅक्सवर काढलेले दहा टक्के, ८,४०० चे ८४०. बघा करून.

हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, परत सांग. मग इडलीच्या पिठाने सांगितलं. भांड्यात पीठ आंबून वर आलंय, आता तू म्हणतेस यातला दहावा भाग काढ, तर फुगलेल्या पिठाचा दहावा काढणार का मूळ भिजवलेल्या तांदळाचा? ते मात्र लगेच समजलं.

साबण, तूप आणि एक आणा

तोच नियम बाकीच्या वस्तूंना लावा. शॅम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण १८ वरून ५ वर आले. सगळे म्हणाले १३ टक्के स्वस्त. ११८ चे १०५ झाले, म्हणजे खिशातून जाणाऱ्या पैशात घट ११ टक्के. तूप, लोणी, पाकिटातलं फरसाण १२ वरून ५ वर. ११२ चे १०५, म्हणजे सात टक्के नाही तर सव्वासहा.

या सव्वासहाची एक मजा आहे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे एक आणा हा रुपयाचा सोळावा हिस्सा, म्हणजे बरोब्बर ६.२५ टक्के. म्हणजे ६७२ रुपयांचं तूप ६३० ला आलं असेल तर आजोबांच्या भाषेत ते 'रुपयाला आणा' स्वस्त झालं. आजोबांना टक्के माहीत नव्हते अशातला भाग नाही, पण त्यांचं डोकं आण्यातच चालायचं. चार आणे म्हणजे पंचवीस टक्के, बारा आणे म्हणजे पंचाहत्तर, आणि सोळा आणे खरं म्हणजे शंभर टक्के खरं. पिकाची आणेवारी त्यातूनच आली, पुढे तिची पैसेवारी झाली आणि आजही पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की गावात दुष्काळाची चर्चा सुरू होते. ५० पैसे म्हणजे काय तर पन्नास टक्के पीक, दुसरं काही नाही.

डोक्यात हिशोब कशाला, मोबाईल आहे ना

आहे की. पण कॅल्क्युलेटर काय करतो, तुम्ही सांगाल ते करतो. मावशीनेही ३८,४०० गुणिले दहा टक्के बरोबरच काढलं होतं, कॅल्क्युलेटरला विचारलं असतं तरी त्याने ३,८४० च सांगितलं असतं. चूक गुणाकारात नव्हती. शिवाय काउंटरवर मागे चार माणसं उभी असताना फोन काढून आकडे दाबत बसायला आपल्याला लाज वाटते, आणि सेल्समनला ते बरोब्बर माहीत असतं.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे घोकून घ्यायचे. पावकी म्हणजे पाव पट, सवायकी म्हणजे सव्वा पट. आता कोणाला येत नाहीत, मलाही सगळे येत नाहीत, पण त्यातली युक्ती अजून चालते, की अवघड टक्क्याचे सोपे तुकडे करायचे. दहा टक्के म्हणजे शेवटचा आकडा पॉइंटच्या पलीकडे ढकला, २,४५० चे २४५. पाच टक्के त्याच्या निम्मे. पंधरा म्हणजे दहा अधिक पाच. पंचवीस म्हणजे पाव, दोनदा निम्मं करा.

अठरा टक्के लोकांना फार अवघड वाटतात. वीस काढा आणि त्याचाच दहावा भाग कमी करा. २,४५० चे वीस टक्के ४९०, त्यातून ४९ गेले, ४४१. झालं.

अजून एक, जे मला कॉलेज संपल्यावर कळलं आणि स्वतःचाच राग आला. टक्का आणि रक्कम यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. २५ चे १६ टक्के किती? डोकं खाजवण्यापेक्षा १६ चे २५ टक्के काढा, चार. ५० चे १८ टक्के म्हणजे १८ चे निम्मे, नऊ.

पन्नास अधिक वीस म्हणजे सत्तर नाही

कपड्यांच्या सेलमधली ही सगळ्यात जुनी ट्रिक, 'फ्लॅट ५० टक्के अधिक २० टक्के'. २,००० ची साडी, पन्नास टक्के गेले, १,००० राहिले. आता पुढचे वीस टक्के या उरलेल्या १,००० वर, २,००० वर नाही. म्हणजे २०० गेले, ८०० ला साडी. एकूण सूट १,२००, म्हणजे साठ टक्के. सत्तर समजून ६०० रुपये हातात काढून उभे राहिलात तर पोपट होतो.

अशा वेळी सूट मोजू नका, राहिलं किती ते मोजा. पन्नास सूट म्हणजे राहिला अर्धा, वीस सूट म्हणजे राहिले शंभरातले ऐंशी, अर्ध्याचे ऐंशी टक्के म्हणजे चाळीस. चाळीस टक्के द्यायचेत, विषय संपला.

दोनवर एक फ्री म्हणजे तीन वस्तू दोनच्या भावात, म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तीन घेतल्या तरच. एकावर एक म्हणजे पन्नास टक्के, पण तुम्हाला एकच हवी असेल तर सूट शून्य आणि कपाटात एक जादा. टूथपेस्टच्या खोक्यावर 'वीस टक्के जादा' लिहिलेलं असतं, ते वीस टक्के सूट म्हणून वाचू नका. २०० ग्रॅमच्या पैशात २४० ग्रॅम मिळतं, म्हणजे ग्रॅममागे किंमत सोळा-सतरा टक्के कमी. वाईट नाही, पण वीस नाही. आणि '७० टक्क्यांपर्यंत सूट' मधला 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरात का असतो ते तुम्हाला सांगायला नको.

इथे लोक हमखास विचारतात की डिस्काउंट आधी आणि जीएसटी नंतर लावला का उलटं, त्यात आपलं नुकसान होतं का. समजा १,००० रुपयांवर दहा टक्के सूट आणि पाच टक्के टॅक्स. आधी सूट, ९००, त्यावर पाच टक्के ४५, एकूण ९४५. उलटं करा, आधी टॅक्स, १,०५०, त्यावर दहा टक्के सूट १०५, राहिले ९४५. सेम. गुणाकाराचा क्रम बदलला म्हणून उत्तर बदलत नाही. त्यामुळे यावरून हॉटेलात भांडू नका. भांडायचंच असेल तर सर्व्हिस चार्जवरून भांडा, कारण तो बिलात न विचारता लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि तो लावला की पुढचा जीएसटी त्याच्यावरही बसतो. १,००० चं जेवण, दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरून १,१००, त्यावर पाच टक्के, ११५५. वरचे पाच रुपये म्हणजे टक्क्यावरचा टक्का.

वर गेलेलं तेवढ्याच टक्क्यांनी खाली येत नाही

दुकानदाराने १,००० ची वस्तू आधी वीस टक्के वाढवून १,२०० केली आणि मग वीस टक्के सूट दिली, तर परत १,००० व्हायला पाहिजे असं वाटतं. होते ९६०. कारण वाढवताना वीस टक्के १,००० वर होते आणि कमी करताना १,२०० वर.

हेच शेअरमध्ये फार महागात पडतं. एक लाखाचे शेअर पन्नास टक्के पडले, पन्नास हजार झाले. आता परत लाखावर यायला पन्नास टक्के वाढून भागत नाही, शंभर टक्के वाढायला लागतात, कारण पायाच आता अर्धा झालाय. माझा एक मित्र बरेच महिने 'तीस टक्के रिकव्हर झालाय आता थोडंच राहिलं' म्हणत होता, त्याचा शेअर चाळीस टक्के पडलेला. शंभरचे साठ झाले होते, साठचे तीस टक्के वाढले म्हणजे अठ्ठ्याहत्तर. अजून बावीस बाकी होते आणि तो दहा धरून बसलेला.

सोन्याच्या दुकानातली पंचवीस टक्के सूट

आता जरा मोठी रक्कम. सोन्याच्या बिलात टक्केच टक्के असतात आणि प्रत्येकाचा पाया वेगळा. दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, ९१.६ टक्के, यालाच आपण बावीस कॅरेट म्हणतो. ७५० म्हणजे अठरा कॅरेट, पंचाहत्तर टक्के, बारा आणे सोनं.

हिशोबाला सोपं जावं म्हणून समजा बावीस कॅरेटचा भाव तोळ्याला म्हणजे दहा ग्रॅमला एक लाख आहे, आणि तुम्ही दहा ग्रॅमची चेन घेताय. मजुरी बारा टक्के, म्हणजे १२,०००. झाले १,१२,०००. त्यावर तीन टक्के जीएसटी ३,३६०. एकूण १,१५,३६०.

दसऱ्याला बाहेर भलंमोठं होर्डिंग, '२५ टक्के सूट', आणि खाली बारीक, 'मजुरीवर'. मजुरीचे पंचवीस टक्के म्हणजे ३,०००. आता बिल १,०९,००० अधिक ३,२७० टॅक्स, १,१२,२७०. वाचले ३,०९०. पूर्ण बिलाच्या मानाने ही सूट २.७ टक्के. वाचले तर चांगलंच आहे, ३,००० रुपये कोण सोडतं, पण होर्डिंगवरच्या पंचवीसचा आणि हातात आलेल्या पावणेतीनचा काही संबंध नाही, आणि यात कुणी खोटं बोललेलं नाही ही खरी गंमत.

त्यापेक्षा मला विचाराल तर घासाघीस मजुरीच्या टक्क्यावरच करा. बारावरून नऊ टक्के करून घेतली की तेवढेच पैसे वाचतात, होर्डिंगची वाट बघायला नको. नऊ टक्के मजुरी म्हणजे बारा टक्क्यांवर पंचवीस टक्के सूटच झाली.

आणि मोडायला गेलात तर? मजुरी आणि टॅक्स परत येत नाहीत. त्याच दिवशी, त्याच भावाने मोडली आणि कसलीही घट धरली नाही तरी हातात एक लाख. १,१२,२७० मधून १२,२७० गेले, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. पण नुसतं मुद्दलावर यायला सोन्याचा भाव किती वाढला पाहिजे? एक लाखाचे १,१२,२७० व्हायला पाहिजेत, म्हणजे सव्वाबारा टक्के. जाताना अकरा, परत येताना सव्वाबारा, पुन्हा तेच पायाचं प्रकरण. आमच्याकडे सगळ्या बायका म्हणतात की दागिना ही गुंतवणूक आहे, मी वाद घालत नाही, एवढंच म्हणतो की गळ्यात घालायची गुंतवणूक आहे.

दहा टक्के व्याज जे अठरा असतं

ज्याच्यामुळे लोक खरोखर अडचणीत येतात तो विषय हा, त्यामुळे इथे थोडा वेळ द्या.

टू-व्हीलर घ्यायला शोरूममध्ये एक लाखाचं कर्ज, एक वर्षासाठी, सेल्समन म्हणतो 'फक्त दहा टक्के फ्लॅट'. लाखाचे दहा टक्के दहा हजार, एकूण १,१०,०००, भागिले बारा, महिन्याला ९,१६७ चा हप्ता. बँकेत चौदा टक्के सांगितलेलं असतं, माणूस खूश, चार टक्के वाचले म्हणतो.

आता बघा. फ्लॅट म्हणजे व्याज पूर्ण वर्ष पूर्ण लाखावर. पण लाख रुपये तुमच्याकडे वर्षभर कुठे होते? पहिला हप्ता भरल्यावर मुद्दल कमी झालं, दुसऱ्यानंतर अजून. सहा महिन्यांनी निम्मंच राहिलं आणि शेवटच्या महिन्यात तर जेमतेम एका हप्त्याएवढं. पण व्याज मात्र तुम्ही लाखाचंच देताय. भाड्याने घेतलेल्या सायकलींसारखं आहे हे, बारा सायकली घेतल्या, दर महिन्याला एक परत करत गेलात आणि भाडं मात्र बाराही महिने बारा सायकलींचं.

सरासरी काढली तर वर्षभरात तुमच्या हातात साधारण ५४ हजारच होते. ५४ हजारांवर दहा हजार व्याज म्हणजे किती? अठराच्या आसपास. बँक जे चौदा सांगते ते घटत्या शिलकीवर असतं, म्हणजे जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज, त्याला रिड्युसिंग म्हणतात. त्या मापाने मोजलं तर शोरूमचं दहा टक्के हे अठराला अगदी टेकतं. म्हणजे महाग तेच होतं.

यावर लोक म्हणतात की अहो टक्का काही का असेना, मला हप्ता परवडतो ना. परवडतो, मान्य. पण चौदा टक्के रिड्युसिंगने तोच हप्ता ८,९७९ येतो, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार वाचतात, पेट्रोलला होतील. विचारायचा प्रश्न एकच, 'फ्लॅट का रिड्युसिंग?' आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कर्ज देताना एक माहितीपत्रक द्यावं लागतं ज्यात एपीआर म्हणजे सगळी फी-बी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी ते पान मागा, बाकीची चाळीस पानं नाही वाचलीत तरी चालेल.

सावकारी भाषेत अजून एक फसगत आहे. बँक बारा म्हणते आणि गावातला सावकार 'तीन रुपये शेकडा' म्हणतो, ऐकायला तीन कमी वाटतात. पण सावकाराचा शेकडा महिन्याचा असतो. वर्षाचे छत्तीस. आणि पहाटे ९०० रुपये घेऊन संध्याकाळी १,००० परत करणारा भाजीवाला दिवसाला अकरा टक्के देतो, वर्षाचं काढायचं धाडस मी करत नाही.

क्रेडिट कार्डही त्याच गल्लीतलं आहे, फक्त इंग्रजीत बोलतं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ वाटतात, पण न भरलेल्या व्याजावरही व्याज लागत गेलं तर एकावन्न होतात. त्यावरचा टॅक्स वेगळा.

शून्य टक्के तरी शून्य असतात का

नो कॉस्ट ईएमआय. २४,००० चा मोबाईल, सहा हप्ते, ४,००० चा एक. सहा चोक चोवीस, व्याज कुठे आहे? आहे. समजा १,००० रुपये व्याज आहे, तर ते तुम्हाला सूट म्हणून आधीच वजा करून दाखवतात, मोबाईल कागदोपत्री २३,००० चा होतो आणि बँक त्यावर व्याज लावून परत २४,००० करते. स्टेटमेंट उघडून बघा, व्याजाची ओळ वेगळी दिसेल, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १८० रुपये. वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिचा टॅक्स, २३५. असे एकूण ४१५ तुमच्या खिशातून वर जातात. ४१५ रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही, पण ते शून्य नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच म्हटलेलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज दुसऱ्या नावाने घेतलं जातं. दुकानात एवढंच विचारा की रोख दिले तर किती कमी करणार. जेवढे कमी करेल तेवढं ते व्याज.

रेपो रेट एक टक्का उतरला, हप्ता किती उतरेल

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ६.५ वरून ५.५ वर आला. बातमीत 'एक टक्क्याने कपात'. खरं म्हणजे एक पॉइंटने कपात, कारण साडेसहामधला एक गेला तर ती पंधरा टक्के घट झाली. टक्क्यातला फरक सांगताना 'टक्का' शब्द वापरला की असा गोंधळ होतो.

याचा घरच्या हप्त्यावर परिणाम बघा. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, नऊ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,९९२. दर आठ झाला तर २५,०९३. एक पॉइंट उतरला आणि हप्ता सात टक्क्यांनी उतरला, महिन्याला १,९०० रुपये. पण बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, त्यामुळे खात्यातून जाणारी रक्कम बदलली नाही म्हणून 'फायदा दिलाच नाही' असं लगेच ठरवू नका, मुदत किती राहिली ते विचारा.

महागाईचंही असंच. महागाईचा दर सहावरून तीनवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही, महाग व्हायचा वेग कमी झाला. गाडी साठवरून तीसवर आली तरी पुढेच चाललीय.

दामदुप्पट किती वर्षांत

आमच्या लहानपणी प्रत्येक एजंट दामदुप्पट हा शब्द घेऊन यायचा. मूळचा दामदुपटीचा नियम खरं तर कर्जदाराच्या बाजूचा, की थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, म्हणजे एका वेळी फार तर दुप्पट. पुढे तो शब्द ठेवीवाल्यांनी पळवला.

पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे काढायची सोपी रीत आहे, ७२ ला दराने भागा. आठ टक्के असेल तर नऊ वर्षं, सहा टक्के असेल तर बारा. कोणी म्हणाला तीन वर्षांत दुप्पट करून देतो तर ७२ भागिले तीन, चोवीस टक्के, एवढं नियमित व्याज हा कुठून आणणार ते त्यालाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत चेकबुक कपाटात ठेवा.

ही रीत खरी का ते पोस्टात तपासता येतं. किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्के झाला आणि दुप्पट व्हायची मुदत ठरली ११५ महिने. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, गुणिले बारा, ११५ महिने.

तीच रीत खर्चालाही लागते हे मावशीच्या सुनेने मला दाखवून दिलं. टीव्ही शेवटी आला, ३५,४०० लाच, भिंतीवर लागला, आणि पेढे खाता खाता ती म्हणाली की पोराच्या शाळेची फी दरवर्षी दहा टक्के वाढते, मग ७२ भागिले दहा, सात वर्षांत दुप्पटच की. पहिलीला ४०,००० आहेत. आठवीला किती होतात ते काढलं, ७७,९४९. मावशी म्हणाली, आणि टॅक्स धरून? म्हटलं शाळेच्या फीवर जीएसटी नसतो गं, तेवढं एक बरं आहे.